एएमचे मॉड्युलेशन शेवटच्या टप्प्यात की आधी?

प्रश्न : हॅम (हौशी रेडिओ) परवाना मिळाला आहे. 7 मेगाहर्ट्‌झसाठी 4 वॅट कॅरिअरचा (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) एएम (आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलणारा) ट्रान्समीटर बांधतोय. शेवटच्या टप्प्यात आयआरएफ510 मॉस्फेट, पुरवठा 12 व्होल्ट. मॉड्युलेशन (लहरीवर आवाज चढवणे) त्याच्या ड्रेनला (पुरवठा येतो त्या टोकाला) द्यावे, की आधीच देऊन पुढे लिनिअर (सिग्नलचा आकार न बदलता तो वाढवणारा) ॲम्प्लिफायर लावावा? – एक वाचक, सातारा

उत्तर : ड्रेनलाच द्या. पूर्ण मॉड्युलेशनच्या शिखरावर कॅरिअरच्या चौपट, म्हणजे 16 वॅट लागतात. लिनिअर म्हणून चालवलेल्या एकट्या आयआरएफ510 मधून ते 12 व्होल्टवर निघत नाहीत. 24-28 व्होल्ट लागतील. शिवाय कॅरिअरपुरती कार्यक्षमता जेमतेम तेहतीस टक्के. 12 वॅट ओढायचे आणि 8 हीटसिंकवर घालवायचे, तेही तुम्ही गप्प असताना! ड्रेनला मॉड्युलेशन दिले की मॉस्फेट क्लास सीमध्ये (प्रत्येक आवर्तनात थोडाच वेळ चालू) चालवता येतो आणि 6 वॅटांत भागते.

बदल्यात ऑडिओची ताकद हवी, डीसी इनपुटच्या निम्मी : 3 वॅट. 12 व्होल्ट, अर्धा अँपिअर म्हणजे 24 ओहमचा भार. टीडीए2003 हा ऑडिओ ॲम्प्लिफायर आयसी हे 3 वॅट 4 ओहमवर देतो, तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे प्रमाण साधारण 1:2.5.

बहुतेकांचे गाडे या ट्रान्सफॉर्मरवरच अडते. सेकंडरीतून (मॉस्फेटकडच्या वेढ्यांतून) वाहणाऱ्या डीसीमुळे गाभा सॅच्युरेट होतो (आणखी चुंबकत्व घेत नाही) आणि आवाज फाटतो. म्हणून गाभ्याच्या सगळ्या ई आकाराच्या पट्ट्या एका बाजूने, आय आकाराच्या दुसऱ्या बाजूने बसवा आणि मध्ये जाड कागद घाला. मॉड्युलेट झालेल्या पुरवठ्यावर 0.1 मायक्रोफॅरडचाच कपॅसिटर ठेवा. सवयीने 100 मायक्रोफॅरड लावलात तर 300 हर्ट्‌झला तो अवघा 5 ओहम, सगळा ऑडिओ गिळतो. ड्रेनवर शिखराला सुमारे 48 व्होल्ट येतील. मॉस्फेटची मर्यादा 100 आहे.

50 ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रोध) ऑसिलोस्कोप लावून पाहा. शिखरे चपटी दिसली तर गेट ड्राइव्ह (मॉस्फेटच्या गेटला मिळणारा सिग्नल) अपुरा आहे. दरी शून्याला टेकू देऊ नका. कॅरिअर तुटला की शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर शिंतोडे उडतात. 85 टक्के मॉड्युलेशनवर थांबलेले बरे.

लिनिअर बांधायचाच असेल, तर त्यावर एएम चालवणे आमच्या मते उधळपट्टी. 16 वॅटांच्या शिखरात एएमच्या प्रत्येक साइडबँडला (कॅरिअरच्या दोन बाजूंचे, आवाज असलेले पट्टे) 1 वॅट मिळतो. एसएसबीत (कॅरिअर आणि एक साइडबँड काढून टाकलेल्या पद्धतीत) सगळे 16 एकाच साइडबँडला, आणि रुंदी 6 ऐवजी 3 किलोहर्ट्‌झ. एकच साइडबँड वेगळा करायला चार ते सहा जुळवलेल्या क्रिस्टलांचा फिल्टर मात्र करावा लागेल.

प्रश्न : मग मीडियम वेव्हवर आकाशवाणी एवढा कॅरिअर का पाठवते? – एक वाचक, नाशिक

उत्तर : घरच्या रेडिओसाठी. कॅरिअर असला की एका डायोडने आवाज वेगळा होतो. कॅरिअर काढला तर त्याच्या जागी रेडिओतच ऑसिलेटर (लहर निर्माण करणारे सर्किट) हवा. एसएसबीत हा ऑसिलेटर 50 हर्ट्‌झ सरकला तरी बोलणे कळते, पण प्रत्येक स्वर तेवढाच सरकल्याने तानपुरासुद्धा बेसूर वाजतो.