गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. साउंड कार्डची जुळणी कशी करावी?

विंडोज लॅपटॉपला यूएसबी साउंड कार्ड जोडल्यावर जाणवणाऱ्या या उशिराचे मूळ बहुधा बफरमध्ये असते. संगणक आवाजाचे नमुने एकेक करून न हाताळता गठ्ठ्याने हाताळतो; या गठ्ठ्यालाच बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेताना १०२४ नमुन्यांचा बफर असेल तर एका दिशेने सुमारे २१ मिलिसेकंद जातात, १२८ नमुन्यांचा असेल तर तीनहूनही कमी. म्हणून प्रथम कार्डाच्या उत्पादकाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (कार्ड आणि सॉफ्टवेअर यांना कमी उशिराने जोडणारा प्रोग्राम) बसवावा, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडावा आणि बफर १२८ वर आणावा. आवाज तडतडू लागला तर २५६ करून पाहावा. कार्डावर डायरेक्ट मॉनिटरिंगची, म्हणजे स्वतःचा आवाज संगणकात न जाता थेट कार्डावरून हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय असल्यास ती वापरणे सर्वांत उत्तम, मात्र तेव्हा सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंग बंद ठेवावे, अन्यथा आवाज दुहेरी ऐकू येईल.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या, विंडोजमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच असावा. बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक नमुना किती बिटांत नोंदवायचा ते, २४ ठेवावी.

आपण विचारले नसले तरी गेनविषयी, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज कार्डावर किती वाढवून घ्यायचा याविषयी आवर्जून सांगतो, कारण चांगली गायकी इथेच वाया गेलेली मी पाहिली आहे. तार सप्तकातली सर्वांत जोरकस तान गाऊन पाहावी आणि सॉफ्टवेअरच्या मीटरवर तिचे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवावा. शून्याच्या वर गेलेला आवाज कापला जातो आणि तो पूर्ववत करता येत नाही. हळू आलेला आवाज मात्र २४ बिटमुळे नंतर निर्धास्तपणे वाढवता येतो. कंडेन्सर मायक्रोफोन (चालायला वीज लागणारा) असेल तर त्याला कार्डावरून मिळणारा ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठा सुरू करण्यापूर्वी हेडफोनचा आवाज कमी करावा.