कंपनीच्या मालकीचा नसलेला ऑनलाइन समूह खरंच चालू शकतो का?

चालतो, पण फुकटात नाही. ऑनलाइन समूह बिघडतात याचं सगळं खापर तुम्ही अल्गोरिदमवर, म्हणजे कुठली पोस्ट वर दाखवायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेवर, फोडलंय. माझा राग मालकीवर आहे.

वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांचा समूह आम्ही काही जण एका मोठ्या समाजमाध्यमावर चालवायचो. बिनपगारी. दिवसा बाग, रात्री लाइन आली की ओलित, आणि मधल्या वेळात बोगस औषधवाल्यांच्या पोस्टी उडवायच्या. ऑगस्ट-सप्टेंबरात आंबिया बहराची फळगळ सुरू झाली की फोन खाली ठेवायची सोय नसे. पावसाच्या झडीत बुरशीने गळतंय की पतंगाने फळ टोचलंय, हे फोटोवरून सांगणारी जाणती माणसं होती आमच्यात. पण वर दिसायची ती भांडणाची पोस्ट. देठ सडल्याचा फोटो चौथ्या दिवशी कुणाच्या नजरेस पडायचा, तोवर झाडाखाली सडा. मग एकाने बुरशीनाशकाचं प्रमाण लिहिलं, यंत्राला ती घातक मालाची विक्री वाटली, आणि समूह बंद! दाद मागायला पलीकडे माणूसच नाही. कित्येक हंगामांची उत्तरं गेली.

हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. जून 2023 मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने आपला मजकूर वापरणाऱ्या बाहेरच्या ॲपवाल्यांना जबर दर लावले, तेव्हा हजारो समूह तिथल्या बिनपगारी नियंत्रकांनी निषेध म्हणून बंद ठेवले. कंपनीने त्यांना बदलायची तंबी दिली. बहुतेक समूह पुन्हा उघडले, दर काही मागे घेतले नाहीत.

साळ्याला म्हटलं, आपलंच काही उभारू, वर्गणी काढू. तो म्हणे, "भाऊजी, सहकारी सूतगिरण्यांचं काय झालं, पाह्यलं नाई का? पुढाऱ्यांनी खाल्ल्या." अरे बाबा, खाल्ल्या कारण आमसभेत सह्या करून चहा पिऊन घरी जाणारे आपणच! हिशेब कोणी मागितला? सभासदांची मालकी वाईट नाही, सभासद झोपलेले होते. शिवाय मराठी विकिपीडिया 2003 पासून स्वयंसेवकांवरच चालू आहे. त्यामागची संस्था ना-नफा आहे, आणि मजकुराची अख्खी प्रत कुणालाही उतरवून घेता येते. उद्या ती संस्था बुडाली तरी लिहिलेलं बुडत नाही. मालकी म्हणतात ती ही.

तुम्हाला करायचंच असेल तर मास्टोडॉन हे समाजमाध्यम पाहा. 2016 पासून आहे, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरवर चालतं, अल्गोरिदम काही वर ढकलत नाही, जे नवं ते आधी दिसतं. सर्व्हर बदलला तर अनुयायी सोबत येतात. जुन्या पोस्टी मात्र येत नाहीत, म्हणून त्यांची प्रत आधीच काढून ठेवा. चर्चेचा मंच चालवायचं डिस्कोर्सही मुक्त सॉफ्टवेअर आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं.

हो, एक राहिलं. सर्व्हरचं भाडं दर महिन्याला लागतं, आणि आमचे म्हातारे बागायतदार व्हॉट्सॲप सोडून कुठंच यायला तयार नाहीत. साळ्याने अजून वर्गणी दिलेली नाही.