सन्मानसंग्रह वाचण्यापूर्वी

अमेरिकी विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरी यांच्या सन्मानार्थ इतर लेखकांनी लिहिलेल्या कथांचा, २०१२ मध्ये निघालेला ‘शॅडो शो’ हा संग्रह तुम्ही लगेच हाती घेऊ नये. आधी त्यांच्या स्वतःच्या चार-पाच कथा वाचाव्यात, म्हणजे इतर लेखकांनी त्यांच्याकडून नेमके काय घेतले, हे उमगेल. उदाहरणार्थ, ‘द फॉग हॉर्न’मधील दीपगृहाच्या भोंग्याला साद देणारा एकाकी सागरी प्राणी मनात ताजा असेल, तर या संग्रहातील लेखक जो हिल यांच्या कथेत मुलांना सरोवराकाठी सापडणारा अजस्र जीव अधिक चटका लावतो. नील गेमन यांची विस्मरणावरची कथा मात्र शेवटी ठेवावी. प्रत्येक कथेनंतरचे लेखकाचे टिपण (मी पूर्वी ते वगळत असे) कथा वाचून झाल्यावरच उघडावे.