कागदी मॉडेलच्या सांगाड्याला पुठ्ठा कोणता आणि तो कापायचा कसा?

प्रश्न : विदर्भातल्या शकुंतला या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेच्या डब्याचं कागदी मॉडेल १:५० प्रमाणात करतोय. नमुन्यावर ‘सांगाड्याचे भाग १ मिमी पुठ्ठ्यावर चिकटवा’ असं लिहिलंय. खेड्यात असा पुठ्ठा कुठून आणू? जो होता तो कापताना कडा फाटल्या.

उत्तर : भाऊ, शकुंतलेचं नाव वाचलं अन् लिहायला बसलो. आमचं गाव त्याच लाइनीवर, मूर्तिजापूरकडचं.

किराण्याच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा नको, कापताना आतल्या नाल्या दबतात. पिवळा, गवती स्ट्रॉबोर्डही नको. तो भुसभुशीत असतो. तुमचा बहुतेक तोच असावा. तालुक्याला रजिस्टर बांधणाऱ्या बाइंडरकडे जाऊन ग्रे बोर्डाची, म्हणजे राखाडी घट्ट पुठ्ठ्याची, कात्रणं मागा. मला चहापाण्याच्या पैशात पिशवीभर मिळतात. तो जाडी औंसात, म्हणजे वजनावरून सांगेल, तुम्ही दहा तुकडे एकावर एक रचून पट्टीने मोजा. १० मिमी भरले की झालं. नाहीच मिळाला, तर नव्या शर्टाच्या घडीतला पातळ पुठ्ठा थरावर थर चिकटवून तेवढा जाड करा.

मोजल्याशिवाय मात्र कापू नका. नमुन्यातल्या खाचा, म्हणजे सांगाड्याचे भाग एकमेकांत अडकवायच्या फटी, १ मिमीसाठीच आखलेल्या असतात. दीड मिमीचा पुठ्ठा त्यात जात नाही. दाबून बसवला की सांगाडा फुगतो आणि वरचा छापील कागद पुरत नाही. सांगाड्याच्या भागांवर चिकटवलेला झेरॉक्सचा कागदही ०.१ मिमी खातो. रुळांमधलं ७६२ मिमी अंतर जिथे सव्वापंधरा मिमीत बसवायचं, तिथे अर्धा मिमी लगेच डोळ्यात भरतो. म्हणून छापील रेघेवर भरवसा न ठेवता, चिकटवून वाळलेल्या पुठ्ठ्याचाच तुकडा खाचेवर उभा धरून पेन्सिलीने आखा.

कापायला लहान कटर आणि स्टीलची पट्टी. प्लास्टिकची पट्टी पातं खाऊन टाकतं. पहिला हात अगदी हलका, नुसती रेघ उमटेल इतका. मग त्याच रेघेतून पाच-सहा वेळा. एका दमात कापायला गेलात की पातं तिरकं होतं, कधी बोटावरही येतं. पात्याचं टोक बोथट वाटलं की तोडून टाका, तिथे कंजूषी नको. आधी खाचा कापा, बाहेरची कड शेवटी. तोवर धरायला जागा राहते. खाचेच्या बंद टोकाला पातं उभं टोचून बाहेरच्या दिशेने ओढा, म्हणजे काप पुढे पळत नाही. खाली फरशी नको, जुना पुठ्ठा ठेवा. कडेला तुसं निघाली तर पातळ फेविकॉल लावून वाळू द्या, मग झिरो नंबरचा पॉलिशपेपर फिरवा.

नमुना पुठ्ठ्यावर चिकटवताना फेविकॉल अगदी पातळ पसरा आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत तर मुळीच ठेवू नका. गेल्या मे महिन्यात माझा अख्खा सांगाडा कूलरसमोर राहिला, सकाळी पाहतो तर विळ्यासारखा वाकलेला.