राजघराण्यातल्या लग्नात सगळ्यांचं लक्ष म्हाताऱ्या मंडळींकडेच का असतं?

तुमच्या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. ब्रिटिश राजघराण्यात लग्न निघालं की लोक नवरानवरी सोडून म्हातारी राणी एलिझाबेथ आली का, कशी दिसतेय, चालत आली का हेच का बघत बसायचे, हा एक. आणि राजवाडा तब्येतीबद्दल सरळ का सांगत नाही, हा दुसरा. माझ्या मते राजवाडा सांगत नाही म्हणूनच लोक बघतात, आणि निवांत बघायला मिळतं ते लग्नातच.

आमच्या घरचंच सांगते. १९ मे २०१८ ला राणीचा नातू हॅरी आणि मेगनचं लग्न टीव्हीवर लाइव्ह होतं. तेव्हा आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, डॉक्टर म्हणत होते वॉकर सोडा आता आणि ही काही केल्या सोडत नव्हती. मी मेगनचा ड्रेस बघायला बसलेले. तिची डोक्यावरची ओढणी (veil) पाच मीटर लांब होती आणि त्यावर राष्ट्रकुलातल्या ५३ देशांची फुलं भरतकामात होती, आपलं कमळसुद्धा, हे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगतेय आणि आईचं लक्षच नाही. तिला दिसला राणीचा नवरा प्रिन्स फिलिप. वय ९६, एप्रिलच्या सुरुवातीला खुबा बदललेला म्हणजे जेमतेम दीड महिना झालेला, आणि गडी ताठ मानेने काठीशिवाय चालत चर्चमध्ये शिरला. आई म्हणाली, "अगं थांब थांब, मागे घे जरा, काठी कुठाय त्याची?" लाइव्ह चालू होतं, मागे कुठून घेणार. पुढचा तासभर ती फक्त त्याच्या पायांकडे बघत होती, आणि कॅमेरा नवरानवरीवर गेला की चिडत होती.

आता राजवाड्याचं बघा. त्यांची पद्धत म्हणजे दोन ओळींचं पत्रक काढायचं, त्यात खोटं काही लिहायचं नाही पण खरंही पुरतं लिहायचं नाही. २०२२ मध्ये राणीला कार्यक्रम रद्द करावे लागत होते तेव्हा कारण काय दिलं, तर अधूनमधून हालचालीचा त्रास. बास. म्हणजे गुडघा, कंबर, की आणखी काही, तुम्हीच ठरवा. आणि ही सवय जुनी आहे बरं का. राणीचा आजोबा, राजा पंचम जॉर्ज, २० जानेवारी १९३६ च्या रात्री गेला तेव्हा बाहेर एवढंच सांगितलं गेलं की राजा शांतपणे अखेरीकडे चाललाय. पन्नास वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याचे डॉक्टर लॉर्ड डॉसन यांच्या नोंदी बाहेर आल्या आणि कळलं की मॉर्फिन आणि कोकेनचं इंजेक्शन त्यांनीच देऊन शेवट लवकर आणला होता, आणि त्यामागचं एक कारण हे की बातमी संध्याकाळच्या फुटकळ पेपरात न येता सकाळच्या द टाइम्समध्ये यावी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. ज्या घरात असं झालंय त्या घराच्या पत्रकावर लोक डोळे मिटून विश्वास कसे ठेवतील?

बरं, ही नुसती भोचकपणाची गोष्टही नाही, राज्यकारभाराचा प्रश्न येतो यात. राजा किंवा राणी काम करण्याच्या स्थितीत नाही हे कोणी ठरवायचं यासाठी १९३७ चा रीजन्सी (म्हणजे राजाच्या वतीने दुसऱ्याने कारभार बघण्याचा) कायदा आहे, त्यात पाच जणांपैकी (जोडीदार, लॉर्ड चान्सलर हे मंत्री, संसदेच्या खालच्या सभागृहाचे म्हणजे कॉमन्सचे स्पीकर आणि दोन वरिष्ठ न्यायाधीश) निदान तिघांनी लेखी द्यावं लागतं. ही तरतूद कधी वापरलीच गेली नाही. १० मे २०२२ ला पार्लमेंट उघडायला राणी येऊ शकली नाही, मुकुट उशीवर ठेवून शेजारी तिचा मुलगा चार्ल्सने भाषण वाचलं. याआधी ती चुकली होती १९५९ आणि १९६३ ला, दोन्ही वेळी पोटात बाळ होतं म्हणून. डेन्मार्कची राणी मार्गारेटे पाठीचं ऑपरेशन झाल्यावर विचार करून जानेवारी २०२४ मध्ये सरळ पायउतार झाली, ब्रिटनमध्ये तसा रिवाजच नाही, मरेपर्यंत गादी. मग लोक पाय बघणारच ना.

आणि घरातल्या लग्नाला राजाची किंवा राणीची परवानगीही लागते. पूर्वी १७७२ च्या कायद्याने दुसऱ्या जॉर्ज राजाच्या जवळजवळ सगळ्या वंशजांना लागायची, आता २०१३ च्या कायद्याने गादीच्या रांगेतल्या पहिल्या सहा जणांनाच. हॅरीच्या लग्नाच्या महिनाभर आधी त्याचा थोरला भाऊ विल्यमला तिसरं मूल झालं आणि हॅरी पाचवरून सहावर गेला, म्हणजे अगदी काठावर! तोपर्यंत राणीने मार्चमध्येच परवानगी देऊन टाकली होती. थोडक्यात, म्हातारी माणसं तिथे शोभेला बसलेली नसतात.

मला स्वतःला मात्र सगळ्यात आवडतं ते २०२० चं लग्न, ज्यात बघायला कोणीच नव्हतं. राणीची नात बिअट्रिसचं लग्न मे महिन्यात लंडनला ठरलं होतं, कोविडमुळे रद्द झालं, आणि १७ जुलैला विंडसरमध्ये एका छोट्या चॅपलमध्ये (प्रार्थनाघरात) मोजक्या माणसांत गुपचूप उरकलं, जगाला नंतर कळलं. तिने नवा ड्रेस घेतलाच नाही, आजीचा १९६० च्या दशकातला नॉर्मन हार्टनेल या ड्रेस डिझायनरने शिवलेला ड्रेस थोडा बदलून, त्याला बाह्या लावून घातला. आणि डोक्यावर टियारा (हिऱ्यांचा छोटा मुकुट) कोणता, तर राणीने स्वतः २० नोव्हेंबर १९४७ ला लग्नात घातलेला, तोच. १९४७ च्या त्या दिवशी सकाळी तो तयारी करताना मोडला होता, जवाहिऱ्याने पोलीस सोबत घेऊन वर्कशॉप गाठलं आणि जोडून आणला, पण नीट बसला नाही, १९४७ चे फोटो मोठे करून बघितले तर मधल्या काडीच्या शेजारी फट दिसते. २०२० च्या फोटोत चॅपलच्या फुलांनी मढवलेल्या दारात नवरानवरी उभे आणि बाजूला चांगलं अंतर ठेवून ९४ ची राणी आणि ९९ चा फिलिप. त्या फोटोवर लोकांनी काय बोलावं? टियारा बघितला असेल चार जणांनी, बाकी सगळे म्हणत होते, अरे फिलिप अजून उभा राहतोय बघ. ९ एप्रिल २०२१ ला तो गेला, शंभरीला दोन महिने राहिले होते.

तारखेवरून आठवलं, चार्ल्स आणि कॅमिलाचं लग्नसुद्धा ९ एप्रिललाच, २००५ ला. खरं तर आदल्या दिवसासाठी ठरलं होतं पण पोपची अंत्ययात्रा त्याच दिवशी आली म्हणून एक दिवस पुढे गेलं. राणी नोंदणीच्या विधीला गेलीच नाही, नंतर चॅपलमधल्या प्रार्थनेला गेली, आणि ती का नाही गेली यावर जेवढी शाई सांडली तेवढी लग्नावर नाही सांडली. आपल्याकडे तेव्हा कौतुक एकाच गोष्टीचं होतं, मुंबईचे दोन डबेवाले त्या लग्नाला पाहुणे म्हणून गेले होते.

हे बघणं कधीकधी अति होतं हेही मान्य. ६ सप्टेंबर २०२२ ला स्कॉटलंडमधल्या बालमोरल वाड्यात राणीने लिझ ट्रसला पंतप्रधान नेमलं, त्या फोटोत तिच्या हाताची वरची बाजू काळीनिळी दिसत होती. लोकांनी फोटो ताणून ताणून मोठा केला, कोण म्हणे सलाइन, कोण म्हणे रक्ताभिसरण. मीही झूम केला होता, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी ती गेली.

महिना संपता संपता स्कॉटलंडच्या नोंदणी कार्यालयाने राणीच्या मृत्यूचा दाखला जाहीर केला. वेळ दुपारी ३ वाजून १० मिनिटं, आणि मृत्यूचं कारण म्हणून एकच गोष्ट, म्हातारपण. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गुडघ्याचं काहीच नाही लिहिलंय?"