वाचकांचे प्रश्न : लाइव्ह रॉक अल्बममध्ये त्या रात्रीचं किती?

प्रश्न : सत्तरच्या दशकातले गाजलेले लाइव्ह अल्बम नंतर स्टुडिओत दुरुस्त केले होते, असं वाचलं. मग त्यांना लाइव्ह का म्हणायचं? (वाचक, पुणे)

दुरुस्ती चार ठिकाणी होते : वादनात, गायनात, प्रेक्षकांच्या आवाजात आणि गाण्यांच्या क्रमात. या चौघांना एकच माप लावू नये.

'किस' या बँडचा 'अलाइव्ह!' (१९७५) हे एक टोक. ध्वनिमुद्रण डेट्रॉइट, क्लीव्हलँड अशा शहरांत झालं, पण निर्माता एडी क्रेमर याने न्यू यॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत बरेच भाग पुन्हा वाजवून आणि गाऊन घेतले. प्रेक्षकांचा जल्लोषही वाढवला. बँडच्या सदस्यांनी पुढे हे मान्य केलं. 'थिन लिझी'च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'चा (१९७८) वाद मात्र मिटलेला नाही. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो की तीन चतुर्थांश अल्बम स्टुडिओतला आहे, तर बँडच्या बाजूचे लोक नेमकं उलट प्रमाण सांगतात.

दुसऱ्या टोकाला 'डीप पर्पल'चा 'मेड इन जपान' (१९७२). आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे साठवणाऱ्या यंत्रावर केलेलं ध्वनिमुद्रण, आणि नंतर काहीही भरलेलं नाही यावर बँड ठाम. तरीही तो एका रात्रीचा कार्यक्रम नव्हे. सात गाण्यांपैकी एक ओसाकातलं १५ ऑगस्टचं, चार तिथलीच १६ तारखेची आणि दोन टोकियोतली १७ तारखेची. १९९३मध्ये तिन्ही रात्री बहुतांश जशाच्या तशा प्रसिद्ध झाल्या, त्यामुळे निवड कशी झाली हे आता कुणालाही ताडून पाहता येतं.

'द हू'चा 'लाइव्ह ॲट लीड्स' (१४ फेब्रुवारी १९७०) खरेपणाचा मानदंड मानला जातो. त्यातही साथीचं गायन नीट मुद्रित न झाल्यामुळे ते स्टुडिओत पुन्हा गायलं गेलं, आणि मूळ एलपीवर एवढ्या लांब कार्यक्रमातली फक्त सहा गाणी मावली. दुसऱ्याच दिवशीच्या हल शहरातल्या मुद्रणात सुरुवातीच्या काही गाण्यांतली बास गिटार नव्हती. २०१०मध्ये ते प्रसिद्ध करताना लीड्सच्या टेपवरचा बास तिथे बसवला.

काय बदलता येतं हे मायक्रोफोनवर अवलंबून असतं. बास गिटारची वायर सरळ मिक्सरला (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला) जोडलेली असेल तर त्या ट्रॅकवर दुसरं काहीच नसतं, म्हणून तो जवळपास मागमूस न ठेवता बदलता येतो. मुख्य गायकाचं तसं नाही. त्याच्या माइकमध्ये ड्रम शिरतात आणि त्याचा आवाज स्टेज मॉनिटरमधून (कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) ड्रमच्या माइकमध्ये. नवं गायन जरा वेगळ्या लयीत पडलं की जुना आवाज मागे पुसट ऐकू येतो. आता गायक कानातले मॉनिटर वापरतात, गळती कमी झाली, आणि आवाज बदलणं उलट सोपं झालं.

आमचं मत स्पष्ट आहे. टाळ्या वर-खाली केल्या, सुटलेला एखादा स्वर भरला, तर हरकत नाही. सोलो, म्हणजे एका वादकाचं एकट्याचं वादन, मात्र बदलू नये. त्या रात्री त्या वादकाला काय सुचलं, हे ऐकण्यासाठीच आपण असा अल्बम विकत घेतो. आणि भर घातली असेल तर ती मुखपृष्ठाच्या आत छापलीच पाहिजे.

प्रश्न : नुसत्या कानाने हे ओळखता येतं का? (वाचक, नाशिक)

बऱ्याचदा येतं, पण हेडफोन हवेत. बँडमध्ये एकच गिटारवादक असेल आणि सोलोच्या खाली दुसरी गिटार तालात चालू असेल, तर ती बहुधा नंतर भरलेली किंवा आधी तयार करून स्टेजवर सोडलेली. एकाच गायकाचा आवाज दुहेरी येत असेल तरी तेच. प्रेक्षकांत एखादी ओळखू येणारी शिट्टी दोन गाण्यांत अगदी तशीच आली, तर तो तुकडा पुन्हा वापरला आहे. गाणं संपल्यावर सभागृहाची गूंज विरण्याआधीच जल्लोषाचा पोत बदलला, तर तिथे जोड आहे.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्याच रात्रीचं प्रेक्षकांतून केलेलं मुद्रण शेजारी ठेवून ऐकणं. मिक्सरवरून घेतलेली टेप जास्त खरी, असा समज आहे, पण छोट्या सभागृहात गिटार आणि ड्रम स्टेजवरूनच पुरेसे ऐकू येत असल्याने मिक्सरवर ते कमी ठेवतात. त्यामुळे टेपवर गायक फार पुढे आणि बँड अशक्त वाटतो.

प्रश्न : 'आयर्न मेडन'चा मुंबईतला कार्यक्रम अल्बमवर आहे का? (वाचक, ठाणे)

एकच गाणं आहे. १ फेब्रुवारी २००८ला वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवात झाली. 'फ्लाइट ६६६' (२००९) या अल्बमवर सुरुवातीला वाजणाऱ्या चर्चिलच्या भाषणानंतरचं पहिलं गाणं मुंबईचं, दुसरं मेलबर्नचं, तिसरं सिडनीचं, चौथं टोकियोचं. सलग ऐकताना एकच मैदान वाटतं. शहरांची नावं सोबत छापली आहेत, म्हणून यात फसवणूक नाही.

प्रश्न : उत्तम स्पीकर असूनही घरी ती धडक का येत नाही? (वाचक, डोंबिवली)

कार्यक्रमात आवाज १०० डेसिबलच्या आसपास किंवा वर असतो, घरी ७०-७५. आवाज कमी झाला की आपल्या कानाला खालचे स्वर त्याहूनही जास्त कमी ऐकू येतात. शिवाय खालच्या स्वरांचा जो भाग छातीत जाणवतो, तो घरचे बहुतेक स्पीकर तेवढ्या जोरात देत नाहीत.

प्रश्न : कॉलेजच्या बँडचा कार्यक्रम आम्हाला प्रामाणिकपणे मुद्रित करायचा आहे. काय लागेल? (वाचक, कोल्हापूर)

यूएसबीवरून प्रत्येक चॅनल वेगळा देणारा डिजिटल मिक्सर आणि लॅपटॉप. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट या दर्जावर २४ ट्रॅकचे दीड तासाला सुमारे १९ जीबी होतात, तेव्हा ४० जीबी मोकळी ठेवा. सिग्नल फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या) आधीचा घ्या, म्हणजे साउंडवाल्याने कार्यक्रमात केलेले चढउतार मुद्रणात येणार नाहीत. गेन (माइकचा सिग्नल मिक्सरमध्ये शिरताना किती वाढवायचा ते बटण) मात्र साउंडचेकनंतर कुणालाही हलवू देऊ नका, ती उडी ट्रॅकवर कायमची राहते. सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या (शून्याच्या वर आवाज फाटतो), कारण साउंडचेकपेक्षा प्रत्यक्षात सगळेच जोरात वाजवतात.

लॅपटॉपचं स्लीप आणि वायफाय बंद करा, यूएसबी केबल ५ मीटरच्या आत ठेवा. जनरेटर असेल तर मिक्सर, ॲम्प आणि लॅपटॉप यांचं अर्थिंग एकच ठेवा, नाहीतर ५० हर्ट्‌झची घरघर सगळ्या ट्रॅकवर येते.

प्रेक्षकांसाठी दोन माइक स्टेजच्या दोन कोपऱ्यांवर, तोंड लोकांकडे करून लावा. मिक्सरजवळ लावले तर आवाज तिथे उशिरा पोहोचतो, मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. २० मीटरवर ५८ मिलिसेकंद होतात आणि स्नेअर ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. तिथेच लावावे लागले, तर मिक्स करताना ते ट्रॅक तेवढेच आधी सुरू होतील असे सरकवा. बँड चढण्यापूर्वीचा मिनिटभर गलकाही मुद्रित करा. दोन गाण्यांमधला कापलेला भाग जोडायला बाहेरच्या टाळ्या आणाव्या लागणार नाहीत.