जुन्या काँप्युटरात मेमरी कार्डची हार्ड डिस्क: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून मोकळा झालो की जुन्या मशीनची हार्ड डिस्क गेली तर कॉम्पॅक्टफ्लॅश (सीएफ) हे जुन्या कॅमेऱ्यांतलं मेमरी कार्ड लावा, आणि मग प्रश्नांचा नुसता ढीग पडला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक होते ते जरा छाटलेत.

प्रश्न: माझ्या ४८६ (नव्वदच्या दशकातला पीसी) मधली ४२० एमबीची हार्ड डिस्क चालू होताना किंचाळते. जुन्या कॅमेऱ्यातलं सीएफ कार्ड पडून आहे. ते खरंच हार्ड डिस्क म्हणून चालतं का, की मध्ये काही सर्किट, ड्रायव्हर वगैरे लागतं?

चालतं, आणि ड्रायव्हर अजिबात नको. सॅनडिस्कने १९९४ मध्ये हे कार्ड आणलं, आणि त्याच्या स्पेसिफिकेशनमध्येच ट्रू आयडीई नावाचा मोड आहे (आयडीई ही जुन्या पीसीत हार्ड डिस्क जोडायची पद्धत), म्हणजे पॉवर येताना कार्डाची ९ नंबरची पिन ग्राउंडला जोडलेली असली की कार्ड सरळ आयडीई डिस्कसारखं वागायला लागतं. कंट्रोलर कार्डाच्या पोटातच असतो. त्यामुळे बाजारात जे अ‍ॅडॉप्टर मिळतं त्यात फारसं काही नसतंच, एका बाजूला ५० पिनांचा सीएफचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला ४० पिनांचा आयडीई, मधे ट्रॅक, एखादा एलईडी, मास्टर-स्लेव्हचा (एका केबलवरच्या दोन डिस्कपैकी पहिली कोण, दुसरी कोण) जंपर आणि पॉवरसाठी फ्लॉपीला लागतो तसला छोटा कनेक्टर. तो कनेक्टर लावायचा विसरू नका, ४० पिनांच्या केबलमधून पॉवर येत नाही. लॅपटॉपचा ४४ पिनांचा असेल तर मात्र पॉवर केबलमधूनच येते, आणि म्हणूनच तो उलटा बसवला तर कार्ड जळू शकतं, १ नंबरची पिन दोनदा बघा.

एसडी कार्डाचं तसं नाही हं. एसडीची भाषाच वेगळी, त्यामुळे एसडी-टू-आयडीई अ‍ॅडॉप्टरवर भाषांतर करणारी चिप असते. चालतात तेही, पण मग सगळा भरवसा त्या चिपवर, आणि काही जुन्या बायॉसना (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डच्या चिपमधला प्रोग्रॅम) ती आवडत नाही. सीएफ मिळत असेल तर मी सीएफच घेईन.

प्रश्न: मी हौसेने ३२ जीबीचं कार्ड घेतलं. माझ्या ४८६ च्या बायॉसमध्ये ५०४ एमबीच दिसतं, मित्राच्या मशीनवर तर ऑटो-डिटेक्टलाच मशीन थिजतं. कार्ड खराब आहे का?

कार्ड ठणठणीत असणार, ते मोठं झालंय एवढंच. जुना बायॉस डिस्क मोजतो सिलेंडर, हेड आणि सेक्टरमध्ये, बायॉसची मर्यादा १०२४ सिलेंडर, आयडीईची मर्यादा १६ हेड, आणि ६३ सेक्टर, प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार करा, ५२,८४,८२,३०४ बाइट येतात, तेच ते ५०४ एमबी. साधारण १९९४ नंतरच्या बायॉसमध्ये एलबीए (सेक्टरांना सरळ एकापुढे एक नंबर द्यायची पद्धत) आला आणि ही भिंत पडली, पण पुढे ८.४ जीबीची आली, मग काही बायॉसमध्ये ३२ जीबीच्या आसपास मशीन थिजण्याची भानगड, मग १३७ जीबीची.

माझं स्पष्ट मत, ४८६ ला ३२ जीबी लागतच नाही. डॉस ६.२२ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचं एक पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) जास्तीत जास्त २ जीबीचं, आणि १ जीबीच्या वर गेलं की क्लस्टर, म्हणजे फाइलला मिळणारा जागेचा लहानात लहान तुकडा, ३२ केबीचा होतो म्हणजे चार ओळींची बॅच फाइलसुद्धा ३२ केबी खाते. अर्ध्या जीबीच्या आतलं छोटं कार्ड शोधा, क्लस्टर ८ केबीचा राहतो आणि डॉस, विंडोज ३.१, गेम सगळं त्यात आरामात मावतं.

मोठंच वापरायचं असेल तर दोन रस्ते. एक म्हणजे त्या काळचे ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझेड-ड्राइव्ह, हे कार्डाच्या सुरुवातीला बसतात आणि डॉसच्या आधी मधे येऊन मोठी डिस्क दाखवतात. चालतात, पण कार्ड काढून नव्या काँप्युटरच्या रीडरमध्ये घातलं की बऱ्याचदा पार्टिशनच दिसत नाही, आणि मग कार्ड लावण्यातली अर्धी मजा गेली. दुसरा रस्ता मला जास्त पटतो, एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायॉस. फुकट आहे, सोर्स खुला आहे, ८ किलोबाइटच्या रॉममध्येही मावतो, आणि गंमत म्हणजे नेटवर्क कार्डावर बूट रॉमसाठी जो रिकामा सॉकेट असतो त्यात ही चिप बसवली की झालं. रॉम प्रोग्रॅमर मात्र लागेल, तुमचा नसेल तर कुणाकडून तरी लिहून घ्या.

प्रश्न: कार्ड नव्या लॅपटॉपला यूएसबी रीडरने लावलं, फॅटमध्ये फॉरमॅट केलं, डॉसच्या सगळ्या फाइली कॉपी केल्या. जुन्या मशीनमध्ये लावलं तर कधी काळा स्क्रीन, कधी मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम. आता काय?

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची, त्यामुळे जरा सावकाश सांगतो.

नुसत्या फाइली कॉपी करून डॉस बूट होत नाही हे पहिलं. पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह पाहिजे, पहिल्या सेक्टरमध्ये बूट कोड पाहिजे, पार्टिशनच्या बूट सेक्टरमध्ये डॉसचा कोड पाहिजे, आयओ डॉट सिस आणि एमएसडॉस डॉट सिस जागेवर पाहिजेत. हे सगळं सिस कमांड किंवा फॉरमॅट सी: /एस करतं, कॉपी-पेस्ट नाही करत.

दुसरं जास्त फसवं आहे. नवा काँप्युटर कार्डाकडे बघतो तेव्हा सेक्टरांची एक लांब रांग बघतो, आणि पार्टिशन टेबलमध्ये हेड-सेक्टरचे आकडे लिहायचे म्हणून २५५ हेड, ६३ सेक्टर असं काहीतरी ठोकून देतो. तेच कार्ड तुमच्या ४८६ ला सांगतं की मला १६ हेड आहेत. आता बूट सेक्टरमधले आकडे एका हिशोबाचे आणि बायॉस वाचतोय दुसऱ्या हिशोबाने, म्हणजे अनुक्रमणिका एका आवृत्तीची आणि पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचं, पान उघडतं पण त्यावर भलतंच काहीतरी असतं. म्हणून एका जुन्या मशीनवर बनवलेलं कार्ड दुसऱ्या जुन्या मशीनवर बूट होईलच असंही नाही, दोघांचे बायॉस वेगवेगळा हिशोब धरू शकतात.

त्यामुळे नियम एकच, पार्टिशन आणि फॉरमॅट ज्या मशीनमध्ये कार्ड राहणार त्याच मशीनवर करायचं. नव्या काँप्युटरवर फक्त कार्डाची सुरुवात पुसून घ्या, विंडोजमध्ये डिस्कपार्टचं क्लीन किंवा लिनक्सवर डीडीने शून्यं लिहून, आणि डिस्कचा नंबर बरोबर निवडलाय ना ते तीनदा बघा कारण चुकीची डिस्क पुसली की परत येत नाही. मग कार्ड जुन्या मशीनमध्ये, बायॉसमध्ये ऑटो-डिटेक्ट, सेव्ह, डॉसच्या फ्लॉपीवरून बूट, एफडिस्क (डॉसचं पार्टिशन पाडायचं साधन), पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह, रीबूट, फॉरमॅट सी: /एस.

तरीही बूट होत नसेल तर फ्लॉपीवरून एफडिस्क /एमबीआर द्या, ते पहिल्या सेक्टरमधला बूट कोड नव्याने लिहितं. कारण असं की पहिल्या सेक्टरच्या शेवटी सही, म्हणजे ठरलेली खूण, आधीच असेल तर डॉसचं एफडिस्क तिथला बूट कोड पुन्हा लिहायच्या फंदात पडत नाही, आणि कॅमेऱ्यात वापरलेल्या कार्डावर सही असते पण कोड नसतो. ही एक कमांड माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगली कार्डं खराब म्हणून बाजूला पडली असतील.

एकदा हे झालं की मग खुशाल रीडरने फाइली टाका, त्याला काही हरकत नाही, फक्त नव्या काँप्युटरने फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा. फ्लॉपी ड्राइव्हच मेला असेल तर ८६बॉक्स एम्युलेटरमध्ये तुमच्या बायॉसला दिसतात तेच सिलेंडर-हेड-सेक्टर देऊन डिस्क इमेज बनवा, त्यात डॉस टाका आणि ती इमेज कार्डावर लिहा. जरा किचकट आहे पण चालतं.

प्रश्न: फ्लॅश मेमरी ठरावीक वेळाच लिहिता येते म्हणतात. वर्षभरात कार्ड मरणार का?

डॉसमध्ये? नाही हो. डॉस स्वतःहून डिस्कवर जवळजवळ काहीच लिहीत नाही, तुम्ही सेव्ह करता तेव्हाच लिहितो. एसएलसी या टिकाऊ प्रकारच्या फ्लॅशचा ब्लॉक साधारण १ लाख वेळा पुसता येतो, एमएलसी या स्वस्त प्रकाराचा काही हजार ते १० हजार, आणि वर कार्डाचा कंट्रोलर तेच ते ब्लॉक झिजू नयेत म्हणून लिखाण इकडेतिकडे पसरवतो, चांगल्या कार्डात जास्त, स्वस्तातल्या कार्डात कमी.

विंडोज ९५, ९८ मध्ये मात्र स्वॅप फाइल (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरायची जागा) असते आणि रॅम कमी असेल तर ती सतत खरडत बसते. रॅम वाढवता आली तर वाढवा, हा खरा इलाज. आणि डीफ्रॅग करू नका, कार्डाला हेड हलवायचं नसतं त्यामुळे फायदा फारसा नाही, उलट सगळा डेटा फुकट पुन्हा लिहिला जातो. मला झिजण्यापेक्षा बनावट कार्डांची भीती जास्त वाटते, वर १६ जीबी छापलेलं आणि आत ४, पहिले ४ भरेपर्यंत सगळं छान आणि पुढचं सगळं गायब. नवीन कार्ड आणलं की आधी एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ पूर्ण चालवा, मगच पुढे जा.

प्रश्न: पेंटियम ३ वर एक्सपी टाकायचं आहे. एका कार्डावर सेटअप पार्टिशनच करू देत नाही, दुसऱ्यावर इन्स्टॉल होतं पण गोगलगाय.

दोन वेगळे आजार. पहिलं कार्ड स्वतःची ओळख रिमूव्हेबल म्हणून देत असणार, डॉसला त्याचं काही पडलेलं नसतं पण एक्सपी अशा डिस्कवर बसायला कुरकुर करतं. फिक्स्ड डिस्क अशी ओळख देणारी इंडस्ट्रियल कार्डं मिळतात, घेताना तेच विचारा.

दुसऱ्यात संशय अ‍ॅडॉप्टरवर. काही स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये डीएमएच्या (प्रोसेसरला मधे न घेता डेटा हलवण्याच्या) दोन लाइन जोडलेल्याच नसतात, कार्ड म्हणतं मला डीएमए येतं, एक्सपी तो वापरायला जातं, उत्तर येत नाही, वाट बघतं, पुन्हा प्रयत्न, शेवटी कंटाळून पीआयओवर, म्हणजे प्रोसेसरमार्फत चालणाऱ्या हळू पद्धतीवर, उतरतं. लाइन जोडलेलं अ‍ॅडॉप्टर घ्या, आणि ३३ एमबी प्रति सेकंदाच्या वरचा वेग हवा असेल तर ८० तारांची केबल. ४८६ वाल्यांनी यात डोकं घालायचं कारण नाही, तिथे सगळं पीआयओच असतं आणि आयएसए ही कार्डं लावायची जुनी बसच इतकी हळू की साधं कार्डही तिला पुरून उरतं.

प्रश्न: माझ्याकडे एक्सटी (४८६ च्याही बऱ्याच आधीचा पीसी) आहे, १० एमबीच्या एमएफएम (आयडीईच्या आधीच्या प्रकारच्या) डिस्कवाली. तिच्या केबलला अ‍ॅडॉप्टर मिळेल का?

एमएफएमच्या केबलवर सीएफ नाही चालणार, तिथे कंट्रोलर बाहेरच्या कार्डावर असतो आणि डिस्ककडून नुसते कच्चे सिग्नल येतात. एक्सटी-आयडीई किंवा एक्सटी-सीएफ नावाचं ८ बिटचं आयएसए कार्ड घ्या. इथे सीएफ उजवं ठरतं, कारण त्याला ८ बिट मोड येतो, नंतरच्या बहुतेक आयडीई हार्ड डिस्कना येत नाही. डॉस ३.३ वापरणार असाल तर पार्टिशन ३२ एमबीच्या वर जाणार नाही.

प्रश्न: अमिगा १२०० (कमोडोरचा घरगुती काँप्युटर) आणि एक जुना मॅक, दोन्हीला सीएफ लागेल?

अमिगाला हो. आत ४४ पिनांचा आयडीई आहेच. जुन्या किकस्टार्टवर (अमिगाच्या रॉममधली सिस्टीम) ४ जीबीच्या आत राहा, आणि डिस्क सेट करायच्या एचडीटूलबॉक्समध्ये मॅक्सट्रान्सफर ०x१एफई०० ठेवा, म्हणजे एका वेळी २५५ सेक्टर. हे केलं नाही तर छोट्या फाइली बरोबर चालतात आणि मोठ्या गुपचूप बिघडतात, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. जुने मॅक बहुतेक स्कझीवाले (डिस्क जोडायची आयडीईपेक्षा वेगळी पद्धत), तिथे सीएफ सरळ लागत नाही, ब्लूस्कझी, झुलुस्कझी किंवा स्कझी२एसडी यांपैकी एसडी कार्डाचं अ‍ॅडॉप्टर घ्या. त्यातल्या ब्लूस्कझी आणि झुलुस्कझीत एसडी कार्डावर डिस्क इमेज नुसती फाइल म्हणून ठेवायची असते, म्हणजे बॅकअपही सोपा. टर्मिनेशन, म्हणजे स्कझी केबलच्या टोकाला लागणारे रेझिस्टर, तेवढं बघा.

प्रश्न: मशीन चालू असताना कार्ड काढून घातलं तर?

नको. आयडीईला ते चालत नाही. पॉवर बंद, मग कार्ड.

प्रश्न: जुनी हार्ड डिस्क अजून कशीबशी चालतेय. त्यावरचं डॉस आणि विंडोज ३.१ जसंच्या तसं कार्डावर कसं आणू?

आजच करा, त्या डिस्कवर आता काहीही नवीन सेव्ह करू नका. आधी वर सांगितलं तसं एकटं कार्ड लावून बूट होईल असं तयार करा, मग कार्ड मास्टर, जुनी डिस्क स्लेव्ह. काही जुन्या डिस्क कार्डाबरोबर एका केबलवर नांदत नाहीत, तेव्हा दुसरा चॅनल असेल तर तिकडे लावा. मग एक्सकॉपी डी: सी: /एस /ई. आधीच्या कमांड डॉट कॉमवर लिहू का विचारेल, दोन्हीकडे डॉसची आवृत्ती एकच असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही.

डॉस ६.२२ चं एक्सकॉपी लपलेल्या फाइली उचलत नाही, त्यामुळे विंडोज पहिल्यांदा चालू झालं की पर्मनंट स्वॅप फाइल खराब आहे म्हणून ओरडेल. घाबरू नका, ती तशीही नवीनच बनवायची असते, कंट्रोल पॅनेलच्या ३८६ एनहान्स्डमध्ये जाऊन पुन्हा करा. सगळं नीट चालतंय असं दिसलं की कार्ड रीडरमध्ये घालून पूर्ण कार्डाची इमेज काढून ठेवा, आणि जमलं तर त्याच मॉडेलचं दुसरं कार्ड घेऊन ठेवा, कारण इमेज परत लिहिताना नवीन कार्ड दोन-चार सेक्टरांनी जरी छोटं निघालं तरी अडकायला होतं.